बर्फाची साक्ष

या, असे जरा जवळ सरकून बसा. मागे कशाला अवघडून उभे राहता, पुढे जागा आहे. आज एका साध्या माणसाची गोष्ट सांगतो. तिच्यात राजा नाही, चमत्कार नाही. एक भाऊ आहे, त्याची बहीण आहे आणि थर्मासभर बर्फ आहे. गोष्ट कडू आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण औषध कडू लागलं म्हणून आपण थुंकून टाकत नाही, देवाचं नाव घेऊन गिळतो. तशी ही गिळा.

तर सभागृह गच्च भरलेलं. वरचे पंखे नुसतेच गरम हवा ढवळतायत. लोक हातातल्या कागदांनी वारा घेतायत, आणि तरी कुणी जागचं हलत नाही, कारण व्यासपीठावर पाराभाऊ उभे आहेत. समोर टेबल, टेबलावर निळा थर्मास, आणि हातात काचेचा एक थर्मामीटर उंच धरलेला.

"हा कोण?" पाराभाऊंनी विचारलं.

"साक्षीदार!" सगळं सभागृह एका सुरात. भाषण त्यांना पाठ होतं.

"आणि साक्षीदाराला कोर्टात आधी काय घालतात?"

"शपथ!"

"मग घालू या."

थर्मासमध्ये ठेचलेला बर्फ आणि पाणी. पाराभाऊंनी थर्मामीटर अलगद आत सोडला आणि हाताची घडी घालून गप्प उभे राहिले. हे गप्प राहणं त्यांना छान साधायचं. मग पहिल्या रांगेतल्या एका शाळामास्तरांना वर बोलावलं. "वाचा, मास्तर. चष्मा लावून वाचा. वितळता बर्फ किती?"

"शून्य असायला हवा," मास्तर म्हणाले. "हा अडीच दाखवतोय."

"ऐकलंत? बर्फ कुणाचा नोकर नाही, कुणाच्या पक्षाचा नाही. तो जिथे वितळेल तिथे शून्य. आणि ज्याला बर्फ किती गार हेसुद्धा धड सांगता येत नाही, तो शहाणा सांगतोय की पृथ्वी तापली!"

हशा. टाळ्या. खुर्च्या करकरल्या. आणि या सगळ्या हशाच्या अर्धा क्षण आधी एक हसू फुटलेलं असायचं, पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवरून. ते ताईंचं. भावाचा विनोद येणार हे त्यांना पाठ असायचं, म्हणून त्या आधीच हसून मोकळ्या व्हायच्या. त्यांचं ऐकून बाकीचे हसायचे.

"आता घरचीच गोष्ट सांगतो," पाराभाऊंनी हात वर केला. "परवा आमच्या ताई म्हणतात, अरे, यंदा खोलीत जरा जास्तच होतंय का रे? मी म्हटलं, ताई, तुझं वय वाढलंय, उन्हाळा नाही वाढला!"

त्या दिवशी सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. ताई पदराने डोळे पुसत हसत होत्या. घाम पुसत होत्या की डोळे, हे कोण बघतंय!

पाराभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण आईबापांनी ठेवलेल्या नावाने त्यांना आता बँकेतसुद्धा कुणी हाक मारत नसे. धंदा थर्मामीटर तपासण्याचा. दवाखान्यांचे, दूध डेअरीचे, रंगाच्या कारखान्याचे थर्मामीटर त्यांच्याकडे यायचे. ते खरं बोलतात की खोटं, हे पाहून पाराभाऊ त्यांना पास किंवा नापास करायचे. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला काचेच्या नळ्या, खिडकीशी एक उंच स्टूल. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. आणि खरं सांगतो, त्यात वाईट काहीच नाही. देवानं माणसाला शंका दिली ती कंदिलासारखी दिली. फक्त कंदील असा धरायचा की उजेड आपल्याही तोंडावर पडावा.

एकदा वर्तमानपत्रात मोठ्या टायपात आलं, 'आजवरचा सर्वांत तप्त दिवस'. पाराभाऊंना तो आकडा खटकला. ते स्वतः जिथे मोजणी होते तिथे गेले. पाहतात तर सरकारी यंत्राच्या पेटीला लागूनच शेजारच्या वर्कशॉपचा जनरेटर बसवलेला आणि त्याचा धूर थेट पेटीवर. त्यांनी फोटो काढला आणि संपादकांच्या टेबलावर आपटला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर पाराभाऊ!

हवामानखात्यातल्या एक अधिकारी बाई मुद्दाम दुकानात आल्या. म्हणाल्या, "काका, तुमचं बरोबर होतं. तो आकडा आम्ही काढून टाकला. तुमचे आभार मानायला आले." आणि जाता जाता उंबऱ्यात थांबल्या. "पण काका, ते एक यंत्र होतं. अशी हजारो आहेत, माळावरची, बेटांवरची, समुद्रातली. ती वेगवेगळ्या लोकांनी तपासलीत आणि सगळी एकाच दिशेला बोट दाखवतायत. आणि डोंगरांवरचा बर्फ वितळतोय, त्याला कुणाचा जनरेटर लागलाय?"

"तो बर्फ मी पाहिलेला नाही, बाई," पाराभाऊ हसून म्हणाले. "मी पाहिलाय तो माझ्या थर्मासातला."

उत्तर झकास होतं. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. बाईही हसल्या आणि गेल्या. बाईंच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य पाराभाऊंनी जन्मभर सांगितलं, उंबऱ्यातलं कधीच नाही. माणूस एकदा खरा ठरला की त्याला त्याची चटक लागते हो. मग संपादकांनी सभा लावल्या. आज या संस्थेत, उद्या त्या क्लबात. 'पृथ्वी तापली, की थर्मामीटर?' असे फलक लागले. दुकानातल्या उंच स्टुलावर एकटा बसणारा माणूस हजार टाळ्यांचा धनी झाला.

आणि ताई? आई गेली तेव्हा पाराभाऊ एवढेसे होते. ताईंनी त्यांना वाढवलं. सार्वजनिक लाँड्रीच्या इस्त्रीखान्यात त्यांनी उमर काढली. वाफ, कोळसा, पुढे विजेच्या इस्त्र्या. लग्नाची गोष्ट निघायची तेव्हा म्हणायच्या, "हा एक हातावेगळा होऊ दे." तो हातावेगळा झाला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, बायको देवाघरी गेली, आणि ताई पुन्हा त्याच घरात, पश्चिमेच्या खोलीत. वर पत्रा, समोर डांबरी रस्ता. तक्रार कसली? "इस्त्रीच्या वाफेत जन्म गेला माझा, मला कसला आलाय उन्हाळा?"

भावाच्या प्रत्येक सभेला त्या जायच्या. त्याच्या शर्टाला इस्त्री त्यांचीच. त्या शर्टावर एक सुरकुती शोधून दाखवा!

पण पाराभाऊंची मुलगी मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. तिला टाळ्या ऐकू यायच्या नाहीत, तिला दुसरंच काही ऐकू यायचं.

"बाबा, वॉर्डात खाटा पुरत नाहीयेत," एका संध्याकाळी ती चपला काढता काढता म्हणाली. "म्हातारी माणसं येतायत नुसती. रस्त्यावर काम करणारे येतायत. अंग भाजतंय त्यांचं."

"खाटा हा पुरावा नव्हे, बाळ. लोकवस्ती वाढली, खाटा तेवढ्याच राहिल्या."

"बरं, पुरावा नको. आत्याच्या खोलीत कूलर लावू या. मी आणते. माझ्या पगारातून."

पाराभाऊंनी चहाची बशी उगाच कपड्याने पुसली.

"बोला ना."

"अगं, संपादक घरी येतात, मंडळी येतात. पाराभाऊंच्या खिडकीत कूलर पाहिला तर उद्या काय छापून येईल? बाहेर सांगतो काही झालेलं नाही, आणि घरात गार हवा खातो!"

"म्हणजे आत्याने तुमच्या भाषणासाठी शिजायचं?"

"ए, काय बोलतेस बापाला!" आतून ताईंचा आवाज आला. "मला नकोय तो डबडा. घूं घूं करतो, झोप येत नाही. तो सांगतो ना काही नाही, मग काही नाही. तुझ्या जन्माआधीपासून थर्मामीटर तपासतोय तो."

दुसऱ्या दिवशी येताना मुलीने बाजारातून प्लास्टिकच्या पट्टीवरचा एक स्वस्तातला थर्मामीटर आणला आणि आत्याच्या खोलीत खिळ्याला लटकवला. "निदान एवढं तरी बघत जा, बाबा. फुकट आहे, घूं घूं करत नाही."

पाराभाऊंनी तो बोटाने हलवून पाहिला. "खेळण्याच्या दुकानातला दिसतो."

आता ऐका. इथून गोष्ट उताराला लागते.

सुट्टीचा दिवस होता. मुलगी ड्यूटीवर. दुपारी रस्ता असा तापलेला की डांबर मऊ पडून चपलेला चिकटत होतं. पाराभाऊ पुढच्या खोलीत संध्याकाळच्या सभेची तयारी करत बसले होते. आतून ताईंनी हाक मारली. लहानपणी मारायच्या तशी.

"अरे बाळ्या, शाळेतून आलास का? दार लाव, वाफ बाहेर जातेय."

पाराभाऊ हसले. ताई चेष्टा करतायत असंच त्यांना वाटलं. आत गेले. ताई पलंगावर आडव्या होत्या. चेहरा लाल, ओठ सुकलेले. कपाळाला हात लावला तर चटका बसला. आणि घामाचा थेंब नाही. अंग कोरडं ठणठणीत.

"ताई, पाणी देऊ?"

"शर्ट झाले की नाही सगळे? साहेब ओरडतील."

त्यांची नजर भिंतीवर गेली. प्लास्टिकच्या पट्टीवरची लाल रेघ त्रेचाळीसच्या वर जाऊन उभी होती. खोलीत! सावलीत! पंख्याखाली!

देवा, त्या क्षणी कुणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता. दुसरा कुणी असता तर ओरडला असता, शेजाऱ्याला बोलावलं असतं, बादलीभर पाणी बहिणीच्या अंगावर ओतलं असतं. पाराभाऊंनी यातलं काही केलं नाही. जन्मभर जे केलं तेच त्यांच्या हातांनी आपसूक केलं. त्यांनी खिळ्यावरून थर्मामीटर काढला.

"शक्यच नाही," ते म्हणाले. "थांब ताई, आलोच. याला आधी बघतो."

फ्रिजमध्ये बर्फाचा एकच ट्रे होता. तो त्यांनी सगळाच्या सगळा कपड्यात ओतला, लाटण्याने ठेचला, निळ्या थर्मासात भरला, वर बेताने पाणी घातलं, ढवळलं. गरम काच एकदम बर्फात घातली तर तडकते, म्हणून थर्मामीटर आधी साध्या पाण्यात धरला. घाई करायची नाही. त्यांच्या कामात घाई चालत नसे. मग तो बर्फात सोडला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. सभेत उभे राहायचे तसेच.

आतून ताई काहीतरी पुटपुटत होत्या. मग पुटपुटणं थांबलं.

लाल रेघ खाली खाली आली आणि थांबली. पाराभाऊंनी चष्मा पुसला. वाकून पाहिलं. शून्य. शून्याच्या रेघेवर नेमकी, केसाचाही फरक नाही. खेळण्याच्या दुकानातला म्हणून हिणवलेला तो थर्मामीटर त्यांच्या दुकानातल्या किती महागड्या यंत्रांहून खरा निघाला.

त्यांनी तो बाहेर काढला. आणि, काय सांगू, पुन्हा बर्फात घातला. कारण त्यांचा विश्वास बसेना. बर्फावरही बसेना.

दारात चावी फिरली. मुलगी लवकर सुटून आली होती. चपलांसकट आत धावली, आणि तिथूनच तिची किंकाळी आली. "बाबा! आत्या शुद्धीवर नाहीये! कधीपासून अशी आहे? पाणी आणा! बर्फ आणा, बर्फ!"

तीच धावत स्वयंपाकघरात आली. फ्रिज उघडला. ट्रे रिकामा.

"बर्फ कुठाय?"

पाराभाऊ टेबलाशी उभे होते. तिची नजर थर्मासवर गेली. त्यातून वर डोकावणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर गेली. तिला सगळं कळलं. तिने थर्मामीटर उपसून फेकला, थर्मास उचलला आणि उरलासुरला बर्फ आत्याच्या मानेला, काखेला लावत बसली. तोवर त्यातलं निम्म्याहून अधिक पाणीच झालं होतं.

ताई इस्पितळात पोचल्या, पण बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेल्या.

दोन दिवसांनी संपादक भेटायला आले. मऊ आवाजात बोलले, मग खुर्ची जवळ ओढली. "पाराभाऊ, एक विचारू? दाखल्यावर डॉक्टरांनी कारण काय लिहिलंय?"

"हृदयक्रिया बंद पडली, असं लिहिलंय."

"बघा! म्हणजे उष्मा नाही. हृदय. वय झालं होतं त्यांचं. आता उद्या हेच लोक ताईंच्या नावाने गळा काढतील, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातील. त्याआधी तुम्ही उभं राहायला हवं. राहून गेलेली सभा आपण या आठवड्यात घेऊ."

"हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, साहेब," मुलगी दारातून म्हणाली. "ते का बंद पडलं, हे विचारायची शंका तुम्हाला नाही येत? एरवी तर सगळ्या शंका येतात!"

"पोरी, दुःखात आहेस तू."

"हो. आहे."

पाराभाऊ मान खाली घालून ऐकत होते. सुटायला वाट होती. सरकारी शिक्क्याचा कागद होता. एवढ्या मोठ्या जगात फक्त त्यांच्या मुलीला त्या थर्मासचं ठाऊक होतं आणि ती कुणाला सांगणार नव्हती. ते म्हणाले, "लावा सभा. येतो मी."

मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की मेलेल्यानेसुद्धा डोळे उघडावेत.

सभागृह पुन्हा गच्च. पाराभाऊ व्यासपीठावर आले. शर्ट चुरगळलेला होता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची संपादकांनी आदराने रिकामी ठेवली होती.

पाराभाऊंनी निळा थर्मास उघडला. खिशातून प्लास्टिकच्या पट्टीवरचा थर्मामीटर काढला.

"हा कोण?" सवयीने कुणीतरी मागून ओरडलं, आणि सभागृहाने उत्तर दिलं, "साक्षीदार!"

त्यांनी तो बर्फात सोडला. हाताची घडी घातली नाही. मास्तरांना वर बोलावलं. मास्तर वाकले, चष्मा सरळ केला. "शून्य आहे, पाराभाऊ."

"पुन्हा वाचा."

"शून्यच आहे."

"हा माझ्या ताईच्या खोलीतला," पाराभाऊ म्हणाले. "तिच्या पलंगाशी हा त्रेचाळीसच्या वर होता. मी म्हटलं, खोटारडा आहे. मी याला तपासत बसलो. घरात होता नव्हता तेवढा बर्फ याला दिला. तिला नाही दिला. हा खरा होता. मी तुम्हाला जे सांगत आलो ते..."

त्यांना पुढचा शब्द मिळेना. लोक वाट पाहत होते. पाराभाऊंचं हे गप्प राहणं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यानंतर नेहमी विनोद यायचा. मागच्या रांगेतल्या कुणालातरी वाटलं, म्हातारा दुःखात ओळ विसरला, आपण हात द्यावा. त्याने प्रेमाने, अगदी प्रेमाने हाक दिली,

"वय वाढलं, उन्हाळा नाही वाढला!"

आणि सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. पाराभाऊ हात हलवत राहिले, "नाही, ऐका, मी खरं सांगतोय," आणि लोक अधिकच हसले. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "काय नक्कल करतो बघ, हुबेहूब त्या शास्त्रज्ञांची!" दुसरा म्हणाला, "बहिणीचं मनाला लागलंय बिचाऱ्याच्या. एका दिवसाच्या आकड्यावरून काय ठरतं? त्यांनीच तर शिकवलंय आपल्याला." संपादकांनी लगबगीने माइक हातात घेतला. "पाराभाऊंची प्रकृती ठीक नाही. तरी ते आले, हे त्यांचं मोठेपण."

ज्यांना त्यांनी शंका घ्यायला शिकवलं, त्यांनी शेवटी त्यांच्यावरच घेतली. कडेच्या खुर्चीकडे पाराभाऊंनी एकदा पाहिलं. त्या दिवशी सभागृहाच्या आधी कुणी हसलं नव्हतं.

सभा पुढेही होत राहिल्या, दुसरे वक्ते मिळाले. पाराभाऊ पुन्हा गेले नाहीत. त्या अधिकारी बाईंना एकदा भेटावं म्हणून ते कार्यालयाच्या फाटकापर्यंत जाऊन आले, पण काय बोलावं ते न सुचून परत फिरले. मुलीने पश्चिमेच्या खोलीत कूलर बसवला. त्या खोलीत आता कुणी झोपत नाही. दुपार झाली की पाराभाऊ तो सुरू करतात आणि दार ओढून घेऊन पुढच्या खोलीत येऊन बसतात. आतून घूं घूं ऐकू येत राहतं. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे नेहमी काठोकाठ भरलेला असतो. त्यातला एक खडाही ते कुणाला काढू देत नाहीत. बाहेर जाताना आपल्या शर्टाला स्वतःच इस्त्री करतात, आणि ती काही केल्या जमत नाही.

संपली गोष्ट. उठायच्या आधी एवढंच मागणं आहे. पाराभाऊंना नावं ठेवू नका, ते काम देव पाहील. पण तुमचा विनोद पुरा व्हायच्या आधीच हसून मोकळं होणारं एखादं माणूस तुमच्याही पहिल्या रांगेत बसत असेल. ते सहज म्हणालं, जरा जास्तच होतंय का रे, तर त्या पश्चिमेच्या खोलीतल्या ताईंची आठवण ठेवा, आणि उठा.